सरोज दिघ्यांचा पहारा

डोंबिवलीत तेव्हा वालाचं बिरडं करणाऱ्या बायका पुष्कळ होत्या. पण सरोज दिघ्यांकडे बिरडं शिजतंय असा वास आला की शेजारच्या विमलाबाई आपली आमटी झाकून ठेवायच्या आणि वाटी घेऊन दारात यायच्या. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचे, सोललेली डाळिंबी अख्खी राहायला हवी, रस अंगापुरताच, वर ओलं खोबरं. या कामात सरोज कुणाला हात लावू देत नसे. तशी ती कशालाच कुणाला हात लावू देत नसे. लग्न होऊन ती या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात आली आणि आल्या आल्या तिने घर असं मुठीत घेतलं की मिठाची बरणी कुठल्या फळीवर असते हे तिच्या नवऱ्याला सात वर्षांनीसुद्धा सांगता आलं नसतं.

नवरा म्हणजे हरिहर दिघे, ठाकुर्लीच्या पॉवर हाउसात टाइमकीपर. मऊ माणूस. ताटात पडेल ते खायचा, हातात देतील तो सदरा घालायचा आणि रुळांच्या कडेकडेने चालत कामावर जायचा. असल्या माणसावर पहारा कशाला करायचा, असं कुणालाही वाटेल. सरोजला तसं वाटत नसे, आणि तिला कारणही होतं.

सरोज दोन वर्षांची असताना तिची आई गेली. कल्याणला पारनाक्यावर राहणाऱ्या अण्णांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, वर्षाच्या आत धाकट्या मेहुणीशी लग्न केलं. पोरीला सावत्रपणा नको, घरातलीच मुलगी बरी, असा तेव्हाचा रिवाज. मावशीने सरोजला जीव लावला, न्हाऊमाखू घातलं, आणि सरोज तिला आई म्हणायला लागली. कुणाचं काही वाकडं झालं नाही. वाकडं एवढंच की सरोजला सख्ख्या आईचा चेहराच आठवेना. मोठेपणी तिला याची भीती वाटू लागली. बाई मरते आणि तिच्या जागी तिची बहीण येऊन बसते, चूल तीच, नवरा तोच, मूलही तेच, आणि चार वर्षांनी कुणाला काही फरक पडलेला नसतो. हे तिने बघितलं नव्हतं, ती त्यातच वाढली होती.

चोपन्न सालच्या उन्हाळ्यात सरोज गच्चीवर पापड वाळत घालायला बसली आणि दोन्ही गालांवर, नाकावरून आडवा, लाल चट्टा घेऊन खाली आली. ऊन लागलं म्हणून दुधाची साय लावली. चट्टा गेला नाही. मग रोज तिन्हीसांजेला ताप, सकाळी बोटं सुजून गाजरासारखी, फणीत केसांचे पुंजके. एक दिवस वाल सोलायला बसली आणि चिमटीत वाल धरता येईना, तेव्हा मात्र तिने पाट बाजूला सारला आणि भिंतीकडे तोंड करून रडली.

डोंबिवलीच्या डॉक्टर फणशांनी तिला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे रक्त काढून झालं, सतरा प्रश्न विचारून झाले, आणि आजाराचं नाव कळलं, ल्यूपस. या शब्दाचा अर्थ लांडगा, असं हरिहररावांनी घरी येऊन सांगितलं. विमलाबाईंनी गालाला हात लावून विचारलं, "अगंबाई! पण चावला कधी?"

औषध नवीन होतं, कॉर्टिझोनच्या गोळ्या. काय जादू होती म्हणता! आठवडा व्हायच्या आत ताप उतरला, बोटं मोकळी झाली, चट्टा फिका पडला. सरोजने पहिल्यांदा काय केलं असेल तर वाल भिजत घातले. पण ते सोलायला बसली तेव्हा पाटावर आधीच कुणीतरी बसलं होतं.

ती हेमा. मावशीची, म्हणजे आता आईचीच म्हणायची, मुलगी. सरोजहून दहा वर्षांनी धाकटी, मॅट्रिक झालेली, कमरेपर्यंत वेणी, उभी राहिली की केळीच्या कोंबासारखी सरळ. ताईच्या आजारपणात चार दिवस मदतीला म्हणून अण्णांनी तिला कल्याणहून आणून सोडली होती. चार दिवसांचे महिने झाले तरी तिला परत न्यायचं नाव कुणी काढत नव्हतं.

"ताई, तू बस खुर्चीवर. मी सोलते," हेमा म्हणाली.

"माझे हात काय झडलेत?"

"झडले नाहीत गं. पण बस."

रात्री हरिहरराव जेवायला बसले. पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि ज्या माणसाने सात वर्षांत जेवणाबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं तो माणूस म्हणाला, "बिरडं छान झालंय."

सरोजच्या हातातला वाढायचा डाव तिथेच थांबला. अंगाची लाही लाही होणं काय असतं ते तिला त्या दिवशी कळलं. तापात जळली नव्हती एवढी ती त्या तीन शब्दांनी जळली.

इथून पुढे सरोजचं आयुष्य म्हणजे हेमावर नजर ठेवणं. गोळ्यांनी तिचा चेहरा गोल गरगरीत झाला, हनुवटीखाली दुसरी हनुवटी आली, पोट सुटलं, ओठावर लव दिसू लागली, आणि हातपाय मात्र काटकुळे. भूक अशी की डबे उघडून शेंगदाणे खायची. रस्त्यात बायका म्हणायच्या, "दिघेवहिनी, तब्येत काय सुधारली हो! काही गोड बातमी आहे का?" ती घरी येऊन आरशात बघायची. आरशात एक अनोळखी बाई असायची, आणि त्या बाईच्या मागे केर काढणारी हेमा. तिची कमर बघून सरोजला आरसाच फोडावासा वाटे.

हेमाचं वागणं तरी कसं? विहिरीवर गेली की कळशी हेमा ओढणार. उठली की एकवीरेच्या तसबिरीला हात जोडणार, मग गादी हेमा गुंडाळणार. सरोजने पिठाचा डबा खाली घ्यायला हात वर केला की हेमा धावत येणार, "ठेव, ठेव, मी काढते." ताईच्या जेवणात मीठ बेताचं, समोर दुधाचा पेला, तो संपेपर्यंत ही शेजारी उभी. एकदा लेकीला, पाच वर्षांच्या वासंतीला, सरोजने कडेवर घेतलं तर हेमाने पोर हातातून काढूनच घेतली. पोर हेमाच्या गळ्यात हात टाकून खिदळली. सरोज पदराने कपाळ पुसत नुसती बघत राहिली. आता ही पोर हिला आई कधी म्हणते, तेवढंच बघायचं राहिलं, असं तिच्या मनात आलं.

त्यात विमलाबाईंनी तेल ओतलं. बाई मनाने वाईट नव्हती, फक्त तोंडाला दार नव्हतं. गॅलरीत पलीकडच्या बिऱ्हाडातल्या गोदूबाईंशी बोलताना म्हणाली, "देव न करो, पण काही बरंवाईट झालंच तर धाकटी आहेच की हो घरात. हरिहरपंतांना स्वयंपाकाची सवयही झालीय तिच्या. पोरीला परकं वाटायचं नाही."

भिंतीअलीकडे सरोज तांदूळ निवडत होती. सूप तिने इतक्या जोरात आपटलं की निवडलेले आणि न निवडलेले एक झाले. तिला राग विमलाबाईंचा आला नाही. तिला वाटलं, म्हणजे हे सगळ्यांना ठाऊक आहे. सगळे माझ्या मरणाची वाट बघत नाहीयेत, एवढे काही ते दुष्ट नाहीत. पण सोय मात्र सगळ्यांनी करून ठेवलीय.

नवऱ्याला तिने आडून विचारलं, "हेमाला आता परत पाठवू या ना?"

"एवढ्यात नको," हरिहरराव चटकन म्हणाले. या माणसाने कधी काही चटकन म्हटलेलं तिला आठवत नव्हतं.

पंचावन्न सालची दिवाळी आली. पाडव्याला नवऱ्याच्या अंगाला तेल-उटणं लावायचं, न्हायला घालायचं आणि मग ओवाळायचं, हा मान बायकोचा. वर्षभर घरात कोण काय करतं ते असो, त्या सकाळी घरधनीण कोण हे ठरतं. सरोजने आदल्या दिवशीच हेमाला बजावलं होतं, "उद्या तू मध्ये यायचं नाहीस. उद्या सगळं मी."

ती पहाटे उठली, नवी साडी नेसली, उटणं कालवलं आणि मोरीकडे आली. मोरीत हेमा उकिडवी बसली होती. बंब पेटलेला, पाट मांडलेला, पाटाभोवती रांगोळीचं बोट फिरवलेलं, आणि मोठ्या पितळी घंगाळात ऊन पाणी काढून ठेवलेलं. घंगाळ तेवढं अजून कोपऱ्यात बंबापाशीच होतं.

"मी काय सांगितलं होतं तुला?"

"फक्त पाणी काढलंय ताई. घंगाळ मी सरकवते, मग तू..."

"हो बाजूला!"

"ताई, उचलू नकोस. ताई, तुला शपथ आहे."

शपथ ऐकून सरोजचं डोकं आणखीच फिरलं. माझ्या नवऱ्याच्या न्हायचं पाणी, आणि ही मला शपथ घालणार! तिने पदर खोचला, वाकली, दोन्ही कड्या धरल्या आणि घंगाळ उचललं. पाठीत कट्‌ असा आवाज झाला. सुकलेली काडी मोडावी तेवढाच, फार मोठा नाही. घंगाळ सुटलं, पाणी मोरीभर झालं, आणि सरोज जिथे होती तिथेच, वाकलेली, श्वास अर्धवट, गुडघ्यांवर बसली. हेमाची किंकाळी ऐकून हरिहरराव उघड्या अंगाने धावत आले. त्या वर्षी पाडव्याला त्यांना कुणीच ओवाळलं नाही.

डॉक्टर फणसे आले, मग हाडांचा फोटो काढायला मुंबई झाली. कमरेच्या वरचा एक मणका चेपला होता. डॉक्टरांनी खाटेशी खुर्ची ओढली आणि म्हणाले, "सरोजताई, ही गोळी ताप काढते, सूज काढते, तुमचा जीव हिनेच वाचवलाय. पण ती हाडांतला चुना खाते. तुमची हाडं सध्या पोकळ बांबूसारखी झालीत. म्हणून तर मी वर्षापूर्वीच यांना सांगितलं होतं की हिला जड उचलू देऊ नका, दूध भरपूर द्या."

"कुणाला सांगितलंत?"

"तुमच्या यजमानांना आणि बहिणीला. तुम्ही बाहेर बाकावर होता. उगाच घाबराल म्हणून आम्हीच ठरवलं."

डॉक्टर गेले. सरोज पाठीखाली फळी घालून सरळ पडली होती, मान वळवता येत नव्हती, म्हणून ती आढ्याशीच बोलली. "वर्षभर. वर्षभर तुम्हा दोघांत एक गोष्ट होती आणि मला ती ठाऊक नव्हती. माझी हाडं, आणि गुपित तुमचं दोघांचं!"

"तू घाबरली असतीस गं," हरिहरराव म्हणाले.

"घाबरले असते तर घंगाळ उचललं नसतं!"

बाईला जपायचं म्हणून सगळ्यांना सांगायचं, फक्त तिलाच नाही, ही शहाण्या माणसांची जुनी खोड आहे.

गोळ्या हळूहळू कमी केल्या. चुन्याच्या पुड्या सुरू झाल्या. सांध्यांनी पुन्हा कुरकुर केली, पण चट्टा परतला नाही. फळीवरचे दिवस मात्र सरोजने कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. हेमा तिला कुशीवर वळवायची, अंग पुसायची, वेणी घालायची. प्रत्येक वेळी सरोजला वाटायचं, ही माझी सेवा करत नाही, ही माझा चार्ज घेते आहे. स्वयंपाकघरातून दोघांचे आवाज आले की ती कान टवकारायची. बोलणं काय, तर रॉकेल संपलंय आणि वासंतीची चप्पल तुटलीय. तेवढ्याचाही तिला मत्सर वाटायचा. रॉकेल संपल्याचं आधी तिला सांगत असत.

अण्णा भेटायला आले तेव्हा ती म्हणाली, "अण्णा, हेमाचं लग्न बघा. वीस उलटून गेली."

अण्णांनी छत्रीची मूठ चाचपली. "बघू गं सरू. तुझं जरा मार्गी लागू दे. मग बघू."

"माझं मार्गी लागणं म्हणजे काय, अण्णा?"

अण्णा खिडकीबाहेर बघू लागले. त्यांनी चहासुद्धा अर्धा टाकला. सरोजला हवं होतं ते उत्तर मिळालं होतं.

मग ती चिडून उठलीच. कॅनव्हासचा, आत पोलादी पट्ट्या घातलेला पट्टा कमरेला बांधून ती भिंतीला धरून उभी राहिली, तेव्हा साडीच्या निऱ्या जमिनीवर लोळल्या. दोन बोटं उंची गेली होती. शेजारी हेमा उभी होती, आणि पहिल्यांदाच सरोजला तिच्याशी बोलायला मान वर करावी लागली. तिने त्याच दिवशी विमलाबाईंना हाक मारली आणि सांगितलं, "तोंड चालवता ना, आता जरा पाय चालवा. हेमाला स्थळ शोधा."

विमलाबाईंनी खरंच शोधलं. ठाण्याला टेंभीनाक्याजवळ राहणारा सुधीर, शाळेत मास्तर, चष्मा, दोन बहिणींची लग्नं झालेली. बघायला आले त्या दिवशी सरोज पट्टा आवळून खुर्चीत ताठ बसली होती. मनात तिने लढाईची सगळी तयारी केली होती. हेमा आढेवेढे घेईल, ताईला सोडून कशी जाऊ म्हणेल, रडेल, हरिहरराव तिची बाजू घेतील, आणि मग मी बघतेच.

हेमाने पोह्यांच्या बशा ठेवल्या, मुलाकडे एकदा नीट बघितलं, आणि पाहुणे जिना उतरले न उतरले तोच म्हणाली, "मला पसंत आहे. वैशाखातलाच मुहूर्त धरा."

हरिहरराव म्हणाले, "वा, वा," आणि पेपर उघडला. कुणाच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. सरोजच्या पहाऱ्यावरून चोर हसत हसत, तोही रिकाम्या हाताने, निघून चालला होता.

हे तिला पचेना. हळदीच्या दिवशी, बायका हात धुवायला मागे विहिरीवर गेल्या तेव्हा, तिने हेमाला खोलीत ओढलं आणि दार लावलं. हेमाचे गाल हळदीने पिवळे झाले होते.

"खरं सांग. एवढी घाई कसली होती तुला? माझा एवढा कंटाळा आला होता?"

हेमाने आधी नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाली, "सांगू? रागावशील."

"रागावलेलीच आहे. सांग."

"मी रोज सकाळी एकवीरेला हात जोडायचे ना, तू बघायचीस. म्हणायचे, ताईला जगव. तुला वाटलं असेल, हेमाची किती माया. ताई, ते तुझ्यासाठी नव्हतं गं." तिने दाराकडे एकदा बघून घेतलं. "तू गेली असतीस ना, तर अण्णांनी मला इथेच दिलं असतं. मला घरी बोलून दाखवलं होतं त्यांनी, तुझं नाव न घेता. तू दूध टाकलंस की मी पुन्हा पेला भरून आणायचे. तू काही उचललंस की मला वाटायचं, गेलं, माझंच गेलं. त्या पाडव्याला तू खाली बसलीस तेव्हा तुझ्याआधी मी ओरडले, आठवतं? ती माझी भीती होती."

सरोजने तोंड उघडलं, पण हेमा थांबली नाही.

"तू सासरी गेलीस, सुटलीस. मी आईजवळ राहिले. पहिलीच्या, तुझ्या आईच्या, नावाचा चांदीचा टाक तिने जन्मभर गळ्यात घातलाय, मंगळसूत्राशेजारी. आंघोळ आधी त्या टाकाला, मग तिला. नवी साडी आली की आधी त्याला दाखवायची, मग नेसायची. भांडण झालं की अण्णा म्हणायचे, ती असती तर असं बोलली नसती. आईला कधी कुणी ती म्हणालं नाही, ताई. मला तुझा टाक गळ्यात घालायचा नव्हता."

सरोज पलंगाच्या कडेवर टेकली. पट्टा बरगड्यांत रुतला. आपल्या आईची जागा मावशीने घेतली, असं ती आयुष्यभर मानत आली होती. मावशीला जागा मिळालीच नव्हती, हे आज तिला कळत होतं. आणि जिचा तिने दोन वर्षं जळजळून मत्सर केला होता, तीच ही पोरगी, दुधाचा पेला घेऊन, तिच्या जागेपासून जीव मुठीत धरून पळत होती.

तिला लाज वाटली. पण सरोज ती सरोजच. लाजेच्या मागोमाग आणखी एक गोष्ट तिला झोंबली आणि ती ताडकन म्हणाली, "एवढं काय गं वाईट आहे आमच्या ह्यांच्यात?"

हेमा रडता रडता थांबली. "भावोजींच्यात? काही नाही. देवमाणूस आहे."

"मग?"

"घोरतात. आणि काहीही वाढलं तरी गप्प खातात. मला नाही बाई असला नवरा चालणार. मला भांडायला लागतं."

"तुझं बिरडं छान झालंय म्हणाले होते," सरोज म्हणाली. दोन वर्षं तिने हे शब्द तोंडातून बाहेर काढले नव्हते.

"कधी? मला नाही आठवत," हेमा म्हणाली, आणि तिला खरंच आठवत नव्हतं.

सरोजला हसू आलं. हसलं की पाठीत कळ जायची, म्हणून ती एका हाताने पट्टा दाबून हसली, आणि हसता हसता कधी रडायला लागली ते तिलाही कळलं नाही. हेमाने हळदीच्या हातांनी तिला धरलं, जपून, पाठीला धक्का लागणार नाही असं.

"ताई, आता मी सुटले," ती तिच्या कानाशी म्हणाली. "आता उद्यापासून मी एकवीरेला सांगेन ना, ताईला जगव, ते तुझ्यासाठी असेल. फक्त तुझ्यासाठी."

बाहेरून विमलाबाई दार ठोकत होत्या, नवरीला घेऊन ये म्हणत होत्या. सरोजने नाक पुसलं, हेमाच्या गालावरची ओघळलेली हळद बोटाने सारखी केली आणि पलंगाला धरून उठली.

"ठाण्याहून मागशील ते मला इथे कसं ऐकू येणार?" ती म्हणाली. "महिन्यातून एकदा येत जा. इथे बसून माग, माझ्यासमोर."